जुन्या मोटारीचा आतला भाग: ठाणे आणि नवी मुंबईतील नव्या मालकांसाठी

जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर घरी आली की नवा मालक बहुधा सर्वांत आधी सीट कव्हरच्या दुकानात जातो. ते स्वाभाविक आहे, कारण फाटलेले रेग्झिन, लोंबणारे छत आणि बसल्याबरोबर खाली जाणारा फोम हेच प्रथम डोळ्यांत भरते. मात्र कामाचा क्रम याच्या नेमका उलट ठेवावा लागतो. गाडीत पाणी कुठून शिरते ते आधी शोधायचे आणि थांबवायचे, पत्रा वाळवून त्यावरचा गंज काढायचा, मग वायरिंग तपासायचे, त्यानंतर छत, दरवाजे आणि डॅशबोर्ड, आणि सर्वांत शेवटी सीट व मॅट. हा क्रम मोडला, तर हौसेने बसवलेले नवे कापड पहिल्याच पावसाळ्यात बुरशीने डागाळते आणि त्याच्याखाली पत्रा कुजत असल्याचे कळायला दोन-तीन वर्षे जातात.

याचे कारण आपल्या हवेत आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांना खाडीचा शेजार आहे. जून ते सप्टेंबर या काळात येथे 2000 मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आर्द्रता अनेक दिवस 80 टक्क्यांच्या वर राहते, तर बुरशीला वाढायला साधारण 65 ते 70 टक्केही पुरेशी असते. पुण्यात किंवा नाशिकला जी गाडी नुसत्या कव्हराखाली वर्षानुवर्षे नीट राहते, तीच कोपरीत किंवा वाशीत एका मोसमात वास मारू लागते. म्हणून परदेशी मार्गदर्शिकांतील सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाची आणि कोरड्या उन्हाची काळजी अधिक असते, आपल्याला आत अडकून राहणाऱ्या ओलाव्याची.

हे मार्गदर्शन लिहिताना कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट 1100 व प्रीमिअर पद्मिनी आणि उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर या गाड्या प्रामुख्याने डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत, कारण आपल्या भागात नवशिक्याच्या हाती बहुधा याच येतात. स्टँडर्ड हेराल्ड किंवा 1983 च्या अखेरीस रस्त्यावर आलेली मारुती 800 असेल, तरी मूळ तत्त्वे तीच राहतात, फक्त क्लिपा आणि स्क्रूंच्या जागा बदलतात.

काम कधी काढावे

ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या अखेरीपर्यंतचा काळ योग्य आहे. पावसाळ्यात पत्रा मनासारखा वाळत नाही, हे एक कारण. दुसरे कारण चिकटवण्याच्या द्रव्यांशी निगडित आहे. छत आणि दरवाज्यांचे पॅनल चिकटवायला वापरतात ते सिंथेटिक रबराचे द्रव्य द्रावकात विरघळवलेले असते. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेत त्यावर बाष्प धरते आणि पांढुरका थर तयार होऊन पकड कच्ची राहते. अशी पकड मार्चच्या उन्हात सुटते आणि छत पुन्हा लोंबू लागते. कारागिरांचा विचार केला तर गणपती, दिवाळी आणि मे महिन्यातील गावी जाण्याचे दिवस सोडूनच तारखा ठरवाव्यात. अर्ध्यावर उघडी पडलेली गाडी महिनाभर तशीच उभी राहणे हे त्या गाडीचे सर्वांत मोठे नुकसान असते.

सुटे करण्यापूर्वीची नोंद

पहिला पाना हातात घेण्यापूर्वी गाडीच्या आतल्या प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत. दरवाज्याची चारही अंगे, छताच्या कडा, सीटखालचे बोल्ट, डॅशबोर्डच्या मागची वायरींची गर्दी हे सर्व टिपावे. त्यानंतर झिप असलेल्या लहान पिशव्या आणि कायम शाईचे मार्कर पेन घेऊन बसावे. प्रत्येक पिशवीवर ‘डावा पुढचा दरवाजा, हँडल’ असे स्पष्ट लिहावे आणि त्या जागचे स्क्रू, वॉशर, क्लिपा त्यातच टाकाव्यात. तीन महिन्यांनी हे आठवेल असा भरवसा कोणीही स्वतःवर ठेवू नये.

जुना तुकडा कितीही कुजलेला असो, काम पूर्ण होईपर्यंत तो फेकू नये. दरवाज्याचे फुगलेले पॅनल हाच नव्या पॅनलचा नमुना असतो, आणि सीटच्या फाटक्या कव्हराच्या शिवणीत मूळ रंग, मूळ दाणा (पृष्ठभागाचा पोत) आणि पायपिंगची, म्हणजे शिवणीवरच्या गोल कडेची, जाडी जशीच्या तशी सापडते, कारण तिथे ऊन पोहोचलेले नसते. कारागिराला वर्कशॉपमध्येच सूचना देऊन ठेवावी, नाहीतर संध्याकाळी झाडलोट होताना हे तुकडे भंगारात जातात.

येथेच एक निर्णय घ्यावा लागतो. जे मूळ आहे आणि धुऊन, शिवून, आतून आधार देऊन वापरता येते, ते बदलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नवे रेग्झिन केव्हाही मिळेल, पण कारखान्यातून आलेले पॅनल एकदा गेले की कायमचे गेले. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिव्हाच्या व्याख्येतही किमान 30 वर्षांचे वय आणि ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीतील जतन या दोन्ही अटी एकत्र आहेत. आपल्याकडे 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळू शकतो. त्यातील अटींचा रोख चॅसी, बॉडी आणि इंजिन यांतील बदलांवर आहे, तरीही पुढेमागे तसा क्रमांक घेण्याचा विचार असेल, तर आतली मूळ रचनाही राखलेली बरी.

बॅटरी आणि सीट काढणे

बॅटरी सर्वांत आधी सोडवावी. बॉडीला जोडलेले टोक प्रथम काढायचे आणि परत लावताना शेवटी लावायचे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ते ऋण टोक असते, पण जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असू शकते, तेव्हा बॅटरीवरची खूण पाहूनच हात घालावा.

सीटचे बोल्ट बहुधा गंजून धरलेले असतात. त्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि सकाळी योग्य मापाच्या रिंग पान्याने, हळूहळू पुढे-मागे करत सोडवावेत. जोर लावून बोल्ट तोडला, तर पत्र्यात वेल्ड केलेले नट सुटते आणि पाच मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते. पुढची बाकासारखी सलग सीट जड असते, ती दोघांनी मिळूनच बाहेर काढावी. सीट निघाल्यावर मॅट, त्याखालचे नमदे (फेल्टचे जाड थर), दरवाज्यांची पॅनल आणि उंबरठ्यावरच्या पट्ट्या काढाव्यात. नमद्याखाली ओल दिसली, तर ती जागा खडूने आखून तिचेही छायाचित्र घ्यावे, कारण ती पुढच्या शोधाची पहिली खूण आहे.

पाण्याचा शोध

या टप्प्याला मी सर्वांत अधिक वेळ देण्यास सांगतो. फरशी कोरडी करून तिच्यावर वर्तमानपत्रे पसरावीत. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून बागेच्या पाइपने, दाब न देता, पाणी सोडावे. सुरुवात नेहमी खालून करावी. आधी दरवाज्यांचा खालचा भाग, मग खिडक्यांची कड, मग पुढच्या काचेची खालची कड, आणि सर्वांत शेवटी छत. प्रत्येक जागी काही मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली, तर पाणी सगळीकडे ओघळते आणि नेमकी फट कोणती ते कळत नाही.

आत आलेले पाणी ज्या जागी दिसते तिथूनच ते शिरले असेल असे समजू नये. पुढच्या काचेच्या रबरातून आलेले पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरून चालकाच्या पायांशी साठते आणि माणूस पेडलजवळच्या फटी बुजवत बसतो. पुढच्या काचेचे रबर कडक होऊन कोपऱ्यात आक्रसलेले असेल, तर ते बदलावे. वरून सिलिकॉन फासणे हा उपाय नाही. सिलिकॉनखाली पाणी अडकते, काचेच्या चौकटीचा पत्रा आतल्या आत सडतो आणि पुढे त्यावर रंगही धरत नाही. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि आतला भाग यांमधल्या पत्र्याच्या भिंतीतून, वायरी आणि केबल जेथे आत येतात, तिथली रबरी ग्रोमेट (छिद्रात बसणाऱ्या कड्या) वाळून तुटलेली असतात. ती स्वस्त असतात, सर्वच्या सर्व नवी घालावीत.

दरवाजा मात्र समजून घ्यावा लागतो. खिडकीच्या काचेवरून पाणी दरवाज्याच्या पोकळीत उतरणे हे या गाड्यांच्या रचनेतच धरलेले आहे. ते पाणी दरवाज्याच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडावे अशी योजना असते. वर्षानुवर्षांची माती, पाने आणि कधी कधी रंगवाल्याने भरलेली लांबी (पुट्टी) यांमुळे ही छिद्रे बुजतात, पाणी आत साठते आणि दरवाजा खालून सडतो. पातळ तार घालून ती मोकळी करावीत, पाणी ओतून निचरा होतो की नाही ते पाहावे. याच पोकळीच्या आतल्या बाजूला, पॅनलच्या मागे, मुळात मेणकागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा असतो. बहुतेक गाड्यांत तो कधीचाच फाटून गेलेला असतो, आणि नवशिके व कारागीर दोघेही त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. तो नसेल तर पाणी थेट पॅनलच्या हार्डबोर्डवर येते. 200 मायक्रॉनचे पॉलिथिन कापून ब्युटाइल टेपने चारही बाजूंनी चिकटवावे, आणि त्याची खालची कड दरवाज्याच्या पोकळीच्या आत खुपसावी, म्हणजे ओघळणारे पाणी परत पोकळीतच पडेल. संपूर्ण कामात इतक्या कमी खर्चात इतका फायदा देणारी दुसरी गोष्ट नाही.

फरशी आणि गंज

पाणी थांबल्याची खात्री झाल्यावर गाडी उघड्या दरवाज्यांनी काही दिवस उन्हात वाळू द्यावी. फरशीवर कारखान्यातून चिकटवलेले डांबरी थर असतील, तर ते ठोकून पाहावेत. पोकळ आवाज आला, तर खाली पाणी शिरलेले आहे. असा थर हॉट एअर गनने सावकाश तापवून पट्टीने उचलावा. तो कोरडा घासू नये. जुन्या थरांत आणि नमद्यांत काय मिसळलेले आहे हे दिसून कळत नाही, म्हणून चांगला मास्क लावून, ओला करून आणि मोकळ्या हवेत हे काम करावे.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून त्यावर फॉस्फोरिक आम्ल असलेले गंज-परिवर्तक लावतात. ते उरलेल्या गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा, मग पुसून कोरडे करून दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर रंग द्यावा. नुसता रेड ऑक्साइड (लाल प्रायमर) लावून थांबणारे पुष्कळ आहेत, पण तो थर एकट्याने पाणी अडवत नाही, त्यावर रंग हवाच. स्क्रू-ड्रायव्हर दाबल्यावर पत्रा आत जात असेल, तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करण्याशिवाय मार्ग नाही. फायबरचे ठिगळ फरशीला लावू नये, विशेषतः सीटचे बोल्ट आणि सीट बेल्टचे आधार ज्या पत्र्यावर आहेत तिथे तर कधीच नाही. वेल्डिंगपूर्वी आतले सर्व ज्वलनशील साहित्य बाहेर काढावे आणि मागच्या बाजूला काम असेल, तर पेट्रोलची टाकी उतरवून घ्यावी. यात सवलत देणाऱ्या टिंकरकडे (पत्र्याचे काम करणाऱ्याकडे) गाडी देऊ नये.

जुन्या गाडीत सीट बेल्ट नसतील आणि ते बसवायचे असतील, तर त्याचाही विचार याच टप्प्यावर करावा. बेल्टचा बोल्ट नुसत्या पत्र्यात धरत नाही, त्यामागे जाड लोखंडी पट्टी वेल्ड करावी लागते, आणि ती मॅट बसल्यावर करता येत नाही.

वायरिंग

आतला भाग उघडा आहे तोवर वायरमनला एक दिवस बोलवावे. कडक झालेल्या वायरी, चिकटपट्टी गुंडाळलेले जोड आणि कुठल्याही फ्यूजशिवाय ओढलेली रेडिओची वायर हे सर्व काढून टाकावे. नव्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र फ्यूज हवा. फोम आणि रेग्झिन झटकन पेट घेतात, म्हणून या बाबतीत तडजोड नको.

छत

पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरचे छत तारांवर ताणलेले असते. कापडाच्या पाठीमागे शिवलेल्या नळ्यांतून आडव्या तारा ओवलेल्या असतात आणि कापडाच्या कडा चिकटवलेल्या असतात. या तारांची लांबी आणि वाक एकसारखे नसतात, म्हणून पुढून मागे क्रमांक घालून आणि डावी बाजू खुणावून त्या काढाव्यात. गंजलेल्या तारा घासून रंगवून घ्याव्यात, नाहीतर नव्या छतावर तपकिरी रेषा उमटतात.

पुढची आणि मागची काच काढून पाहिल्यावर बहुधा आढळते, की छताच्या कापडाची कड काचेच्या रबराखाली गेलेली आहे. म्हणूनच काचेचे रबर आणि छत ही दोन कामे एकाच वेळी करावीत. वेगवेगळी केली, तर काच दोनदा काढावी लागते आणि प्रत्येक वेळी ती तडकण्याचा धोका असतो. जुन्या गाडीची काच मिळवणे आता सोपे नाही.

नवे कापड बसवण्यापूर्वी तासभर उन्हात ठेवून मऊ करून घ्यावे. ताणण्याची सुरुवात मधल्या तारेपासून करावी, मग पुढची कड, मग मागची, आणि शेवटी दोन्ही बाजू. कडा आधी कागदाच्या मोठ्या क्लिपांनी धरून ठेवाव्यात आणि सर्व सुरकुत्या गेल्याची खात्री झाल्यावरच चिकटवाव्यात. हे काम नवशिक्याने एकट्याने करू नये. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या बाजूला ज्या कारागिराने तारांचे छत प्रत्यक्ष बसवलेले आहे त्यालाच द्यावे, आणि त्याने केलेली एखादी गाडी आधी पाहून यावी. हल्लीच्या गाड्यांचे साचेबद्ध छत बसवणाऱ्याला हे जमेलच असे नाही.

दरवाज्यांची पॅनल

मूळ पॅनल साधारण 3 मिलीमीटर जाडीच्या हार्डबोर्डचे असते. नव्या बोर्डावर जुने पॅनल ठेवून बाहेरची रेषा आणि प्रत्येक छिद्र नेमके आखून घ्यावे. क्लिपेचे छिद्र दोन मिलीमीटर जरी सरकले, तरी पॅनल एका बाजूने उचललेले राहते. बदली म्हणून हार्डबोर्डच घ्यायचा असेल, तर कापल्यावर दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना वॉर्निशचे दोन हात द्यावेत. मरीन प्लाय अधिक टिकतो, मात्र तो वाकायला कमी तयार असतो.

पॅनल लावण्यापूर्वी काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेला ग्रीस द्यावे आणि काचेच्या उभ्या खाचेतील नमद्याची पट्टी झिजली असल्यास बदलावी. त्या पट्टीला ग्रीस किंवा तेल लावू नये, धूळ धरून काचेवर ओरखडे पडतात. तिथे थोडा सिलिकॉन स्प्रे पुरेसा असतो.

डॅशबोर्ड, मीटर आणि स्टिअरिंग

मीटरची काच पारदर्शक प्लॅस्टिकची असेल, तर पेट्रोल किंवा थिनर तिच्या जवळही नेऊ नये, ती क्षणात धुरकट होते. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ कापड एवढेच वापरावे. तबकडीवरचे आकडे आणि काट्याचा रंग यांना शक्यतो हात लावूच नये. स्पीडोमीटरची केबल कर्कश आवाज करत असेल, तर ती ओढून, पुसून, तिच्या खालच्या भागाला थोडे ग्रीस द्यावे. वरच्या टोकाला दिलेले वंगण मीटरमध्ये चढते.

स्टिअरिंगच्या चाकाला पडलेल्या भेगा नवशिक्याने घरी भरण्यासारख्या असतात आणि त्यातून मिळणारे समाधानही मोठे असते. भेग त्रिकोणी कानशीने इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात थोडी रुंद करावी, आतले तेलकटपण काढावे, दोन घटकांचे इपॉक्सी भरावे आणि पूर्ण 24 तास हात लावू नये. त्यानंतर 120, 240, 400 आणि शेवटी 800 क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासत आणावे आणि प्रायमर व रंग द्यावा. भेग रुंद न करता वरून भरलेले इपॉक्सी एका उन्हाळ्यात उडून येते.

सीट

सीट ही थरांची रचना आहे आणि प्रत्येक थराला काम आहे. सर्वांत खाली लोखंडी चौकट आणि स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्याची किंवा तत्सम गादी, त्यावर फोम आणि सर्वांत वर रेग्झिन. घाईच्या कामात गोणपाट आणि काथ्या काढून टाकून स्प्रिंगांवर थेट जाड फोम ठेवतात. काही महिन्यांत स्प्रिंगा त्या फोमला खालून कापत जातात, आणि सीटची उंची बदलल्यामुळे पद्मिनीच्या चालकाला स्टिअरिंगवरचा गिअर अवघड वाटू लागतो. म्हणून गोणपाटाचा थर पुन्हा घातलाच पाहिजे असा आग्रह धरावा.

तुटलेल्या स्प्रिंगा बदलून आणि चौकट घासून रंगवून घेतल्यावर फोम निवडावा. बसण्याच्या भागाला 40 डेन्सिटीचा आणि पाठीला 32 डेन्सिटीचा फोम साधारणपणे योग्य ठरतो. दुकानात बोटाने दाबून मऊ वाटणारा फोम घेण्याचा मोह होतो, पण तो वर्षभरात बसतो. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात फोम आणि रेग्झिनची पुष्कळ निवड आहे, आणि ठाणे-कल्याणकरांना ते जवळही पडते.

जुने कव्हर उसवण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर क्रमांक, वरची दिशा आणि शेजारच्या तुकड्याशी जुळणाऱ्या आडव्या रेघा मार्करने आखाव्यात. शिंपी जसा मापाच्या कपड्यावरून नवा कपडा बेततो, तसे या तुकड्यांवरून नवे बेतायचे. जुना तुकडा ताणून मोठा झालेला असतो, हे मात्र कारागिराला सांगावे. कव्हर फोमपेक्षा किंचित तंग असले तरच ते सुरकुतत नाही. धागा पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा हवा, सुती धागा आपल्या हवेत कुजतो. टाके इंचाला सहा-सातपेक्षा जास्त नसावेत. रेग्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर आहे, आणि फार जवळ टाके घातले की सुईच्या छिद्रांच्या रांगेवरच तो फाटतो.

मूळ गाडीला रेग्झिन असेल, तर रेग्झिनच ठेवावे. अस्सल कातडे दिसायला देखणे असले, तरी खाडीकाठच्या दमट हवेत त्याला पावसाळाभर दर आठवड्याला पुसावे लागते. ज्याला तेवढा वेळ आहे त्यानेच त्याच्या वाटेला जावे.

सुटे भाग कुठे शोधावेत

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतील शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेल्या आणि त्यांच्याबरोबर सुट्या भागांचा रोजचा व्यापारही आटला. तरीही कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार येथे हँडल, नॉब, मीटर आणि क्रोमच्या पट्ट्या अजून हाती लागतात. जाताना जुना तुकडा बरोबर न्यावा, केवळ छायाचित्रावरून घेतलेले हँडल हमखास वेगळ्या वर्षाचे निघते. काचेचे रबर आणि खिडकीच्या पट्ट्या मात्र जुन्या साठ्यातल्या घेऊ नयेत. न वापरलेले रबरही वयाने कडक होते. पट्टी वाकवून पाहावी, बारीक चिरा दिसल्या की परत ठेवावी.

कारागिराशी बोलणी करताना माल तुमचा की त्याचा हे आधी ठरवावे आणि थरांसह लिहून घ्यावे. ‘सीट पूर्ण’ या दोन शब्दांत काथ्या आणि गोणपाट येतात असे तुम्ही समजता, तो समजत नाही.

मॅट

फरशीवर नमदा पुन्हा घालू नये, तो पाणी शोषून पत्र्याला चिकटवून ठेवतो. त्याऐवजी पाणी न शोषणारा, बंद पेशींचा फोम घालावा आणि वर रबरी मॅट किंवा कार्पेट सुटे ठेवावे. दुकानदार साच्यात बनवलेले, उभ्या कडांचे जाड मॅट आग्रहाने सुचवतात. जुन्या गाडीत ते घेऊ नयेत, कारण त्यांच्याखाली काय चालले आहे ते दिसत नाही. मॅट कधीही चिकटवू नये. महिन्यातून एकदा ते उचलून खाली हात फिरवता आला पाहिजे.

पुढची निगा

धुलाईसाठी सौम्य साबणाचे पाणी आणि पिळलेले कापड यापलीकडे रेग्झिनला काही लागत नाही. उन्हाने पीव्हीसीतील मऊपणा देणारे घटक हळूहळू निघून जातात आणि ते कडक होऊन तडकते, म्हणून गाडी सावलीत उभी करणे हे कोणत्याही पॉलिशपेक्षा उपयोगी ठरते. चकाकी आणणारी तेलकट पॉलिश टाळावीत, त्यांवर धूळ बसते. दरवाज्यांच्या रबरांना महिन्यातून एकदा ग्लिसरीन किंवा सिलिकॉन लावावे. पेट्रोलियम जेली लावू नये, तिने नैसर्गिक रबर फुगते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पाइपने पाण्याची चाचणी पुन्हा एकदा घ्यावी, दरवाज्यांची छिद्रे मोकळी करावीत आणि कार्पेट असल्यास ते काढून घरात ठेवून पावसाळाभर रबरी मॅटवर गाडी चालवावी. सोसायटीच्या इमारतीखाली छप्पर असलेली जागा असेल, तर दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात, हवा खेळती राहते. प्लॅस्टिकचे कव्हर घालू नये, त्याच्याखाली बाष्प कोंडते. हवा जाऊ देणारे कव्हर घ्यावे आणि ओल्या गाडीवर तेही घालू नये. दर आठवड्याला अर्धा तास तरी गाडी चालवावी, म्हणजे इंजिनच्या उष्णतेने आणि वाऱ्याने आतली ओल निघून जाते.

सिलिका जेलच्या पिशव्या सीटखाली ठेवता येतात आणि तापवून पुन्हा वापरता येतात. बाजारात ओल शोषणारे डबेही मिळतात. त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असते आणि शोषलेले पाणी खाली साठते. ते खारे पाणी पत्र्यावर सांडले, तर गंज वेगाने पसरतो, म्हणून डबा खोल ताटलीत ठेवावा आणि गाडी चालवण्यापूर्वी बाहेर काढावा.

एवढे करूनही बुरशीचे पांढरे ठिपके दिसले, तर गाडी उघड्यावर आणून, मास्क लावून, पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून कापडाने पुसावे, पुन्हा साध्या पाण्याने पुसावे आणि पंखा लावून पूर्ण वाळवावे. आधी सीटच्या मागच्या, न दिसणाऱ्या जागी रंग निघत नाही ना ते पाहून घ्यावे. ब्लीच वापरू नये आणि व्हिनेगरबरोबर तर ते कधीच मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. त्याच जागी ठिपके पुन्हा आले, तर पुसणे थांबवून सीट उचलावी आणि पाइप घेऊन पाण्याची वाट पुन्हा शोधावी.

उंदीर हा आपल्या दोन्ही शहरांतला मोठा त्रास आहे. ते फोममध्ये घर करतात आणि वायरी कुरतडतात. फायरवॉलची मोकळी छिद्रे आणि हवेच्या वाटा बारीक स्टीलच्या जाळीने बंद कराव्यात, आणि गाडीत खाण्याचा कणही ठेवू नये. आठवड्याची फेरी मारायला निघताना मागची सीट उचलून खाली लेंड्या किंवा कुरतडलेला फोम दिसतो का ते पाहावे.